जानेवारीचा मोठा, डिसेंबरचा धाकटा

जूनच्या मध्यावर कोल्हारच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग भरला, की त्या वर्गातली मुले एका वयाची आहेत असे आपण सगळेच धरून चालतो. पालक, शिक्षक, बाकावरची मुलेही. एक इयत्ता, एक पुस्तक, एक परीक्षा. पण महाराष्ट्राचा सध्याचा नियम असा आहे की त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत ज्याला सहा वर्षे पूर्ण होतात, त्याला पहिलीत प्रवेश मिळतो. म्हणजे शाळेच्या पहिल्या दिवशी 1 जानेवारीला जन्मलेले मूल साडेसहा वर्षांचे असते आणि त्याच्याच शेजारी बसलेले 31 डिसेंबरचे मूल साडेपाच वर्षांचे. एक 78 महिन्यांचे, दुसरे 66. धाकट्याने आजवर जेवढे आयुष्य काढले, त्याचा साडेपाचवा हिस्सा थोरल्याने त्याच्यापेक्षा जास्त काढलेला आहे. मोठ्या माणसांत बारा महिन्यांचे अंतर कुणाच्या लक्षातही येत नाही. या वयात मात्र ते उंचीत पाच-सहा सेंटिमीटर असते, पेन्सिल धरण्याच्या पकडीत असते, एका जागी किती वेळ बसवते यात असते, बाईंनी सांगितलेली तीन कामे ओळीने लक्षात राहतात की दोनच, यातही असते.

आणि त्याच वर्षी, बहुतेक दिवाळीच्या आतच, कोण हुशार आणि कोण कच्चा हे वर्गात ठरून जाते.

जगभर या गोष्टीचा अभ्यास गेली चाळीस वर्षे चालू आहे. अभ्यासक तिला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. वय कमी की जास्त हा इथे प्रश्नच नसतो. ज्यांच्याबरोबर आपल्याला मोजले जाते त्यांच्यापेक्षा ते कमी की जास्त, एवढाच असतो. या सगळ्या अभ्यासांचा आढावा घेताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा महत्त्वाची वाटली. जन्ममहिन्यात स्वतःचा असा गुण फार थोडा असतो. गुण-अवगुण येतात ते प्रशासनाने, संघटनेने किंवा मंडळाने वर्षाच्या मध्ये मारलेल्या रेषेतून. ती रेषा माणसांनी मारलेली आहे. म्हणून तिच्यामुळे होणारे नुकसान भरून काढण्याची जबाबदारीही माणसांचीच आहे.

आपल्याकडे मूल जन्मले की पत्रिका काढतात, नक्षत्र-चरण बघून नावाचे अक्षर ठरवतात. महिन्याचा आणि नशिबाचा संबंध आपल्या मनात खोल रुजलेला आहे, त्यामुळे ‘जन्ममहिन्याचा गुणांवर परिणाम होतो’ असे ऐकले की पुष्कळांना ते जुन्याच समजुतीचे नवे रूप वाटते. तसे नाही, हे दाखवणारा सर्वांत चांगला पुरावा बेल्जियमच्या फुटबॉलमधला आहे. तिथे लहान गटांच्या निवडीचे वर्ष पूर्वी 1 ऑगस्टला सुरू होई. तेव्हा निवडलेल्या मुलांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांची गर्दी असायची. 1997 मध्ये ही रेषा 1 जानेवारीवर आणली गेली. वेर्नर हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बदलाआधीच्या आणि नंतरच्या याद्या तपासल्या. जानेवारी-फेब्रुवारीची मुले वर आली होती आणि ऑगस्टवाल्यांचा वरचष्मा ओसरला होता. आकाशातले काहीच बदलले नव्हते. कागदावरची एक तारीख तेवढी बदलली होती.

या अभ्यासाची सुरुवात कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीपासून झाली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली पत्नी पॉला यांच्यासह अल्बर्टा प्रांतात कुमारांचा सामना बघत होते. खेळाडूंची यादी वाचताना पॉलाबाईंच्या लक्षात आले की जन्मतारखांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्च फार येतात. 1985 मध्ये बार्न्सली दांपत्याने ए. एच. थॉम्प्सन यांच्यासह हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कॅनडात रेषा 1 जानेवारीची. वरच्या दर्जाच्या कुमार संघांत पहिल्या तिमाहीतले खेळाडू साधारण 40 टक्के आणि शेवटच्या तिमाहीतले 10 टक्क्यांच्या आसपास, असे प्रमाण दिसले. पुढे हेच चित्र फुटबॉल, बास्केटबॉल, रग्बी, टेनिस अशा एकेका खेळात दिसत गेले. स्टीफन कोब्ली आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 38 अभ्यास एकत्र केले. त्यांत 14 खेळ आणि 16 देश होते. पौगंडावस्थेत आणि निवड जितकी वरच्या पातळीची तितका परिणाम तीव्र, प्रौढांच्या खेळात तो मंदावतो, असे त्यांना आढळले. मुलींच्या खेळात तो मुलांपेक्षा कमी दिसतो, पण दिसतो.

कारणांची साखळी समजायला अवघड नाही. आठ वर्षांच्या गटात थोडा थोराड मुलगा निवडला जातो. निवडला गेला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक, जास्त सराव, जास्त सामने मिळतात. तीन-चार वर्षांनी तो खरोखरच चांगला खेळू लागतो, आणि निवड समितीला वाटते, आपली पारख बरोबर होती. न निवडलेला मुलगा तोवर मैदान सोडून गेलेला असतो. त्याच्या बाबतीत झालेली निवडीची चूक कुठे नोंदली जात नाही, कारण जो खेळलाच नाही त्याचा हिशेब ठेवणारे कोणी नसते. या विषयातले खरे दुःख मला इथे दिसते.

आता आपल्या गावाकडे येऊ. कोल्हार प्रवरेच्या काठी, नगर–मनमाड रस्त्यावर. नदीच्या एका अंगाला राहाता तालुक्यातले कोल्हार बुद्रुक, पलीकडे राहुरी तालुक्यातले कोल्हार खुर्द. पुलावरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची मुले शालेय स्पर्धांत दोन वेगळ्या तालुक्यांतून खेळतात. पण तालुका कुठलाही असला तरी त्यांना लागू होणाऱ्या तारखा सारख्याच, आणि त्या एक नाहीत, अनेक आहेत. शाळाप्रवेशाला 31 डिसेंबर. शालेय क्रीडा स्पर्धांच्या 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांनाही वर्षअखेरचीच रेषा. म्हणजे जानेवारीचा मुलगा वर्गातही थोरला आणि मैदानातही थोरला. क्रिकेट नियामक मंडळाच्या वयोगटांना 1 सप्टेंबर. केंद्रीय विद्यालयाच्या पहिलीला 31 मार्च. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला दोन वर्षांहून मोठा जन्मतारखांचा पट्टा चालतो. साताऱ्याच्या सैनिक शाळेत सहावीला 31 मार्च रोजी वय दहा ते बारा असावे लागते. परिणाम असा की डिसेंबरअखेर जन्मलेला एखादा मुलगा आपल्या वर्गात सर्वांत धाकटा असतो, शालेय कबड्डीच्या गटातही सर्वांत धाकटा असतो, पण क्रिकेटच्या वर्षात त्याचा महिना चौथा येतो आणि तिथे तो मोठ्यांत जमा होतो. मुलगा एकच आहे. त्याला कुठल्या मैदानावर आपण जमतो आणि कुठल्या मैदानावर नाही असे वाटेल, यात या तारखांचा वाटा नक्की असणार.

मात्र महाराष्ट्रात या प्रश्नाला एक असे अंग आहे जे कॅनडात किंवा बेल्जियममध्ये नाही. आपल्या मागच्या दोन-तीन पिढ्यांत जन्ममहिना हा पुष्कळदा शाळेनेच दिलेला आहे.

कोल्हार, लोणी, राहाता या पट्ट्यात साठीच्या पुढच्या माणसांना जन्मतारीख विचारा. पुष्कळांकडून 1 जून हेच उत्तर येईल. घरी नोंद नसे. आईला एवढे आठवे की त्या साली पूर आला होता, किंवा बाजरीची सोंगणी चालू होती, किंवा थोरल्याचे लग्न झाले त्याच्या आदल्या वर्षीचा. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा देशभर एकसारखा झाला तो 1969 मध्ये, आणि तो खेड्यापाड्यांत अंगवळणी पडायला आणखी काही दशके गेली. गुरुजींना तर जनरल रजिस्टरचा रकाना भरायचा असे. जूनमध्ये शाळा, म्हणून वय पुरे भरेल अशी 1 जून ही तारीख टाकली जाई. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच, मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर तीच, नोकरीच्या पुस्तकात तीच. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी 31 मेला महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि शाळांत निरोप समारंभांची रांग लागत आली.

गुरुजींना यात दोष देणे मला पटत नाही. उलट रकाना भरण्याआधी ते जी परीक्षा घेत, ती नीट समजून घेण्यासारखी आहे. मुलाला समोर उभे करायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात कानाला पोचला तर पहिलीत घ्यायचे, नाही पोचला तर पुढच्या वर्षी ये. त्यामागे शरीराच्या वाढीचे एक तथ्य आहे. लहानपणी डोके अंगाच्या मानाने मोठे आणि हात आखूड असतात. सहा-सात वर्षांच्या सुमारास हे प्रमाण बदलते आणि हात कानाला पोचू लागतो. याचा अर्थ असा की ही पद्धत कॅलेंडर मोजत नव्हती, वाढ मोजत होती. ती पुरेशी नव्हती. कुपोषित मूल तिच्यात मागे राही, आणि बुद्धीचा, भाषेचा ती विचारच करत नसे. पण उशिरा वाढणाऱ्या मुलाला एक वर्षाची मोकळीक तिने आपोआप दिली. आज आपल्याकडे जन्मदाखला दिवसापर्यंत अचूक आहे आणि मूल तयार आहे का हे विचारणारे कुणी नाही.

कोल्हारच्या जुन्या पटांवरून जन्ममहिन्याचा अभ्यास कुणी करायला घेतला, तर जूनचा एक उंच सुळका दिसेल आणि तो खोटा असेल. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले पट मात्र वापरण्याजोगे आहेत. आणि याच काळात एक नैसर्गिक प्रयोग आपल्यावर झालेला आहे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये शालेय शिक्षण विभागाने प्रवेशाचा मानीव दिनांक 30 सप्टेंबरवरून 31 डिसेंबरवर नेला आणि 2021-22 च्या प्रवेशांना तो लागू झाला. नोव्हेंबर 2015 मध्ये जन्मलेली मुलगी घ्या. जुन्या नियमाने ती 2022 मध्ये पहिलीत आली असती आणि वर्गातल्या सर्वांत मोठ्या मुलींपैकी एक असती. नव्या नियमाने ती एक वर्ष आधी आली आणि सर्वांत लहान मुलींत बसली. शिवाय त्या वर्षी करोनामुळे ग्रामीण भागातले पहिलीचे वर्ग थेट डिसेंबरमध्ये उघडले. बेल्जियमने फुटबॉलमध्ये जे केले, ते आपण एका शासन निर्णयाने राज्यभरातल्या मुलांच्या शिक्षणात केले. कुणी तपासले नाही, एवढाच फरक.

शाळेच्या बाबतीत बाहेरचे निष्कर्ष काय सांगतात? केली बेडार्ड आणि एलिझाबेथ धुए यांनी 2006 मध्ये अनेक विकसित देशांतले गणित-विज्ञान चाचण्यांचे गुण तपासले. वर्गातली सर्वांत लहान मुले चौथीत सर्वांत मोठ्या मुलांपेक्षा 4 ते 12 शतमक मागे होती. आठवीतही 2 ते 9 शतमकांचे अंतर शिल्लक होते. अंतर घटते हे खरे. पण आठ वर्षांनीही ते पुसले जात नाही, हे अधिक विचार करायला लावते, कारण तेराव्या-चौदाव्या वर्षी बारा महिने हा आयुष्याचा फार छोटा तुकडा असतो. नुसत्या वयाने त्याचा उलगडा होणार नाही. पहिल्या वर्षांत चिकटलेले ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ हे शिक्के पुढे काम करत राहतात, असे मानायला इथे जागा आहे. धुए यांनीच स्टीफन लिप्सकॉम यांच्यासह 2008 मध्ये दाखवले की अमेरिकी हायस्कुलांत संघनायक किंवा मंडळाचे अध्यक्ष होण्यात वर्गातली थोरली मुले पुढे असतात. आपल्याकडे वर्गाचा मॉनिटर कोण होतो, पंधरा ऑगस्टला भाषण कोण करते, हे जन्मतारखेशी ताडून पाहावेसे वाटते.

अमेरिकेतला 2018 चा एक अभ्यास तर डॉक्टरांनीही वाचावा असा आहे. ज्या राज्यांत 1 सप्टेंबरची रेषा आहे तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना, सप्टेंबरमधल्यांपेक्षा अतिचंचलतेच्या विकाराचे निदान 34 टक्के अधिक वेळा झाले होते. जिथे अशी रेषा नाही तिथे हा फरक नव्हता. लहान मूल लहानासारखे वागत होते आणि त्याला औषध दिले जात होते. आपल्याकडे या निदानाची लाट अजून खेड्यात पोचलेली नाही, पण ‘याचे लक्ष नसते’, ‘हा वर्गात बसत नाही’ हे शेरे प्रत्येक शाळेत आहेत.

दुसरी बाजूही ठाम आहे आणि ती दडवून चालणार नाही. नॉर्वेत सँड्रा ब्लॅक, पॉल डेव्हरो आणि केल साल्वानेस यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लष्करी भरतीच्या वेळची बुद्धिमत्ता चाचणी आणि पुढची कमाई तपासली. शाळा उशिरा सुरू केल्याचा दीर्घकालीन फायदा त्यांना जवळजवळ दिसलाच नाही. इंग्लंडमध्ये क्लेअर क्रॉफर्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सांगितले की ऑगस्टच्या मुलांचे गुण कमी येण्याचे मुख्य कारण परीक्षेच्या दिवशी ती लहान असतात हेच आहे. म्हणून त्यांची सूचना मुलाला एक वर्ष घरी ठेवण्याची नव्हती. गुण वयाप्रमाणे समायोजित करून द्या, अशी होती. इंग्लंडमधल्या अकरा वर्षांच्या वयाच्या निवड परीक्षांत वयानुसार गुण दुरुस्त करण्याची पद्धत फार जुनी आहे. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत, नवोदयच्या परीक्षेत असे काही नाही. टाकळी ढोकेश्वरच्या नवोदय विद्यालयासाठी जिल्हाभरातून मुले बसतात, तेव्हा दोन वर्षांनी मोठ्या मुलाचे आणि धाकट्याचे गुण एकाच गुणवत्ता यादीत लागतात. निवड परीक्षा ही स्पर्धा आहे आणि एका गुणाने प्रवेश जातो. तिथे वय विचारात न घेणे मला सरळ अन्यायाचे वाटते.

ऋतूंचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळा प्रश्न आहे आणि दोन्हींची गल्लत होते. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या माता-पोषण अभ्यासात असे दिसले की शेतावरची कामे आणि घरातले धान्य ऋतूप्रमाणे कमीजास्त होते, तसे गरोदर बायकांचे खाणे आणि कष्टही बदलतात, आणि त्याचा ठसा बाळाच्या जन्मवजनावर उमटतो. सुगीनंतरचा हिवाळा ज्यांच्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत येतो, त्यांची उन्हाळ्यात जन्मणारी बाळे वजनाने बरी असतात. देशभरच्या आरोग्य पाहणीवरून लोकशिन आणि राद्याकिन यांनी 2012 मध्ये दाखवले की पावसाळ्यात जन्मलेल्या मुलांची वाढ इतरांच्या मानाने मागे असते. हा परिणाम खरा आहे, तो गरिबीचा आणि आहाराचा आहे, आणि त्यावर उपाय अंगणवाडीत आणि गरोदर बाईच्या ताटात आहे.

खेळात मात्र वयाच्या प्रश्नाला शरीराच्या पक्वतेचा दुसरा प्रश्न येऊन मिळतो. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांत एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. हाडांच्या वयात त्यांच्यात चार वर्षांचेसुद्धा अंतर असू शकते. आपल्याकडे याचा संबंध लगेच वयचोरीशी येतो. क्रिकेट मंडळ 2012 पासून 16 वर्षांखालील गटात डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीने हाडांचे वय ठरवते. राहुल द्रविडने डिसेंबर 2015 मधल्या पतौडी स्मृती व्याख्यानात वय लपवण्यावर कडक शब्दांत बोट ठेवले होते. वय चोरणारा मुलगा कुणा प्रामाणिक मुलाची जागा घेतो आणि आपली मोठी माणसेच खोटेपणा शिकवतात हे त्या मुलाला कळते, असा त्याचा रोख होता. त्याचे म्हणणे मोलाचे आहे. पण वयचोरीचा मोह कशामुळे होतो? लहान गटात एखादे वर्ष जास्त असण्याचा फायदा किती मोठा आहे हे गावच्या क्रीडाशिक्षकापासून पालकापर्यंत सगळ्यांना अनुभवाने ठाऊक आहे म्हणूनच. जानेवारीच्या मुलाला जे कायद्याने मिळते, ते डिसेंबरच्या मुलाचा बाप खोट्या दाखल्याने मिळवू पाहतो. त्यात शालेय स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतले 5 टक्के क्रीडा आरक्षण अवलंबून असते. शिक्षा कडक करून हा मोह पुरता जाणार नाही. गटवारीच सुधारावी लागेल.

त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. आपल्या मातीतल्या खेळांना हे पूर्वीच सुचलेले आहे. कुस्ती वजनावर होते. खो-खोच्या लहान गटांत नुसते वय न बघता वय, उंची आणि वजन एकत्र धरून निर्देशांक काढण्याची रीत आपल्याकडे होती. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2015 च्या सुमारास बाथ विद्यापीठाच्या शॉन कमिंग यांच्या मदतीने, अपेक्षित प्रौढ उंचीच्या किती टक्के उंची गाठली यावरून मुलांचे गट पाडून सामने खेळवले. लवकर वाढलेल्या मुलांना प्रथमच तोलामोलाचे प्रतिस्पर्धी भेटले आणि उशिरा वाढणारी मुले प्रथमच खेळाची सूत्रे हातात घेऊन खेळली. जगात त्याचे कौतुक झाले. खो-खोच्या तक्त्याचा विचार याच दिशेचा होता, आणि त्याकडे आपण कागदी कटकट म्हणून पाहिले, याची मला खंत वाटते.

प्रवरेच्या खोऱ्यात या विषयावर बोलायला बसले की दोन नावे निघतातच. श्रीरामपूरचा झहीर खान, जन्म 7 ऑक्टोबर 1978. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे, जन्म 6 जून 1988. आजची क्रिकेटची 1 सप्टेंबरची रेषा लावली तर झहीर आपल्या वर्षातल्या मोठ्यांत येतो आणि रहाणे अगदी धाकट्यांत. दोघेही भारताकडून खेळले. अशा एकेका उदाहरणाने नियम सिद्धही होत नाही आणि मोडतही नाही. पण धाकट्यांबद्दल संशोधनात एक आशेची गोष्ट सापडते, ती सांगायला हवी. 2013 मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक हॉकीचे निवडलेले खेळाडू तपासले. वर्षाच्या शेवटी जन्मलेले कमी निवडले गेले होते, पण जे निवडले गेले ते त्यांच्या निवडक्रमावरून वाटावे त्यापेक्षा जास्त काळ आणि जास्त चांगले खेळले. मोठ्यांशी झुंजत वाढलेल्याला अंगबळ पुरत नाही, म्हणून तो डोके आणि तंत्र कमावतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला यातून दुसराही अर्थ दिसतो. तेवढीच गुणवत्ता असलेले कितीतरी धाकटे गाळले गेले, म्हणूनच उरलेले इतके उजवे निघाले.

कोल्हारच्या परिसरात या सगळ्याला उसाचा हंगाम जोडावा लागतो. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून, पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोपी म्हणजे त्यांची झोपडी पडते, आणि मार्च-एप्रिलला पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत मुले फडात असतात. ज्या मुलीचा जन्म नोव्हेंबर-डिसेंबरचा, म्हणजे हंगामातच कुठल्यातरी कोपीत झालेला, ती नियमाप्रमाणे साडेपाचव्या वर्षी पहिलीत जाते आणि दिवाळीनंतर शाळेतून उठते. आधीच वर्गात सर्वांत लहान, त्यात वर्षाचे पाच महिने बुडालेले. साखरशाळांचे प्रयोग झाले, हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांनी काही मुले धरून ठेवली. पण या मुलीचे गुण आणि बागायतदाराच्या घरी जानेवारीत जन्मून दोन वर्षे बालवाडीत जाऊन आलेल्या मुलाचे गुण एका कागदावर शेजारी लिहून त्यावरून हुशारी ठरवणे चूक आहे. सापेक्ष वयाचा परिणाम सगळ्यांनाच सारखा बाधत नाही. ज्याच्या घरी अभ्यास घ्यायला माणूस आहे त्याच्याकडे तो लवकर पुसला जातो. ज्याच्या घरी नाही त्याच्याकडे तो राहतो.

मग पालकांनी काय करावे? डिसेंबरचे मूल एक वर्ष थांबवावे का? शिक्षणहक्काच्या 25 टक्के प्रवेशांत पहिलीला वयाची वरची मर्यादा जवळजवळ साडेसात वर्षांपर्यंत आहे, म्हणजे थांबायला वाव आहे. मूल आजारी असेल, वेळेआधी जन्मलेले असेल, बोलायला उशीर झाला असेल, तर थांबावे. पण सरसकट सल्ला मी देणार नाही. थांबणे परवडते ते ज्याला खासगी बालवाडीचे आणखी एक वर्ष परवडते त्यालाच. असे पालक थांबले की वर्गातला पट्टा बारा महिन्यांवरून अठरावर जातो आणि न थांबलेल्या गरिबाच्या मुलाचे अंतर आणखी वाढते. रेषा सरकवून काही साधत नाही हेही आता पुरेसे सिद्ध आहे. ती कुठेही मारली तरी कुणीतरी तिच्या शेवटच्या टोकाला येणारच.

शाळेने आणि मैदानाने करण्यासारखे काही मात्र आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. डेव्हिड मान आणि व्हान खिनेकेन यांनी 2017 मध्ये फुटबॉलच्या निवडकर्त्यांवर एक साधा प्रयोग केला. निवडकर्त्यांना मुलांच्या जन्मतारखा नुसत्या कागदावर दिल्या, तेव्हा त्यांचा कल थोरल्यांकडेच राहिला. पण मुलांच्या पाठीवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने लावले, म्हणजे बनियनवरूनच कोण धाकटा हे खेळ बघताना दिसू लागले, तेव्हा तो कल नाहीसा झाला. राहाता तालुक्याच्या निवड चाचणीला हे उद्या करता येईल. वर्गातही हजेरीपट आडनावाच्या क्रमाने न लावता जन्मतारखेच्या क्रमाने लावला, तर चाळीस नावांतली शेवटची दहा कोणाची आहेत हे बाईंना रोज सकाळी दिसेल. त्या दहांपैकी कुणाला वाचन अजून जमत नसेल, तर पहिला प्रश्न त्याच्या बुद्धीबद्दल पडणार नाही. मॉनिटर, नाटकातले काम, संघातली जागा आळीपाळीने द्यावी. निदान दहाव्या वर्षापर्यंत कुणालाही मैदानातून कायमचे गाळू नये. आणि निवड परीक्षांच्या बाबतीत परीक्षा परिषदेने वयानुसार गुणांचे समायोजन करून पाहावे. त्याचे गणित इंग्लंडमध्ये कित्येक दशके वापरात आहे, आपल्याला ते नव्याने शोधायचे नाही.

2021 च्या त्या तुकडीचे पुढे काय होते, हे तर तपासायलाच हवे. नियम बदलताना कागदावर तिच्यात 1 ऑक्टोबर 2014 ते 31 डिसेंबर 2015 अशा पंधरा महिन्यांत जन्मलेली मुले एकत्र आली. ती आता शिष्यवृत्ती, नवोदय आणि 14 वर्षांखालील संघांच्या वयात आहेत. 2031 च्या सुरुवातीला ती दहावीला बसतील. त्यांच्या जन्मतारखा शाळांच्या नोंदींत दिवसासकट आहेत, तालुका क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिका क्रीडाधिकाऱ्यांकडे जातात आणि परीक्षांचे गुण मंडळाकडे. प्रवरेच्या दोन्ही काठांवरच्या शाळांनी आपापल्या पटातली ही तुकडी महिन्यानुसार मांडून ठेवली, आणि पहिलीपासूनच्या नोंदी जपल्या, तर पाच वर्षांनी महाराष्ट्राकडे या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर असेल. हे काम एखाद्या मुख्याध्यापकांनी या जूनमध्येच सुरू करावे.